एवढीशी गाडी, एवढं थोरलं इंजिन!

मैत्रिणींनो, मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून तुमच्यापैकी निम्म्याजणी पान उलटून कैरीच्या लोणच्याकडे वळणार, हे मी धरूनच चालले आहे. माझंही पूर्वी तसंच होतं. किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी आणि घाटात बंद पडू नये, एवढाच माझा तिच्याशी संबंध. पण माझ्या मावसबहिणीच्या घरी एका इंजिनाने असा काही मुक्काम ठोकला, की घरातल्या एकेका गोष्टीला त्याचा धक्का लागला. पैशाला, झोपेला, नवराबायकोच्या बोलण्याला आणि वयात आलेल्या पोरालासुद्धा. तेव्हा हा पुरुषांचा विषय म्हणून सोडून द्यावा, असं मला काही वाटत नाही.

ताई लग्न होऊन इंग्लंडला गेली, त्याला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं होतील. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. घर कॉव्हेंट्रीजवळ. भाऊजी मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेले. लोखंड दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. आणि गेले ते नेमके अशा देशात, जिथे घरच्या गॅरेजात स्वतःची मोटार बांधणं हा अगदी रीतसर छंद आहे! आपल्याकडे कसं, हौशी माणूस सुट्टीत कपाट नाहीतर झोपाळा करतो, तसे तिकडे लोक दोन माणसांची, उघडी, बुटकी स्पोर्ट्स कार करतात.

या छंदाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या एका तरुण इंजिनिअरने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. कुठे? तर हेझल नावाच्या त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. १९५२ मध्ये त्याने लोटस कंपनी काढली, तेव्हा भांडवल म्हणून २५ पौंड उसने घेतले, तेही हेझलकडून. पुढे ती त्याची बायको झाली. म्हणजे बघा, जागा सासऱ्याची, पैसे बायकोचे आणि नाव मात्र नवऱ्याचं!

याच चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली. सुट्या भागांत घेतली तर तिच्यावर खरेदीकर लागत नसे. पण मग जोडणी कशी करायची याचं पत्रक कंपनीने द्यायचं नाही, असा नियम होता. चॅपमनने गाडी सुटी कशी करायची याचं पत्रक दिलं आणि ते उलटं वाचा म्हणून सांगितलं, अशी गोष्ट तिकडे चवीने सांगतात. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि ती अजूनही बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक निघालं, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर. २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या कापायच्या, जोडून सांगाडा करायचा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यात बसवायचे. भाऊजींच्या हातात ते पुस्तक पडलं, आणि मग काय विचारता!

ताईने सुरुवातीला विरोध केला नाही, उलट तिला बरंच वाटलं. त्याचं कारण तिचा मुलगा. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी त्याने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर यायचा, खाली मान घालून जेवायचा, परत वर. आई म्हणून ताईचं काय होत असेल, ते मी सांगायला नको. अशात भाऊजींनी एकदा ‘जरा बॅटरी धर रे’ म्हणून त्याला गॅरेजात बोलावलं. तो धरायला म्हणून गेला आणि रात्री अकराला हात काळे करून वर आला. दुसऱ्या दिवशी न बोलावता गेला. पुढे बापलेक दोघे संध्याकाळच्या वर्गात जाऊन वेल्डिंग शिकले. ताई मला फोनवर म्हणाली, “अगं, काल जेवताना चक्क भांडला बापाशी. नळी चार इंच कापायची की साडेचार, यावरून. मला इतकं बरं वाटलं!”

त्या गाडीत फोर्डचं सोळाशे सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन घालायचं ठरलं होतं. सांगाडा झाला, चाकं लागली. आणि मे २०१७ मध्ये मी सुट्टीत सहा आठवड्यांसाठी तिकडे गेले, त्याच्या आदल्याच आठवड्यात भाऊजी भंगारवाल्याकडून आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन आले. चारशे पौंडांना. घरात न विचारता.

इंजिन नामांकित होतं, हे मात्र खरं. अमेरिकेत जनरल मोटर्सने ब्यूक आणि ओल्ड्समोबील गाड्यांसाठी ते अॅल्युमिनियमचं केलं होतं. १९६१ ते ६३ चाललं आणि मग त्यांनी सोडून दिलं. १९६५ मध्ये ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं वापरलं. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर बाई पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटला आल्या, त्या याच जातीचं इंजिन असलेल्या रोव्हरमधून. भाऊजींनी आणलेलं होतं डिस्कव्हरी जीपमधलं, ३.९ लिटरचं. चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, मधे खाच. मराठीतला ‘V’ अजून झालेला नाही, म्हणून सांगते, दोन तळहात मनगटाशी जोडून वर उघडावेत, तसा त्याचा आकार.

आता हे किती मोठं, ते आपल्या मापाने सांगते. आपली मारुती ८०० आठवते ना? तिचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ताकद ३७ अश्वशक्ती. चौघं आणि वर डिकीत आंब्याची पेटी घेऊन ती बिचारी महाबळेश्वर चढायची. ताईकडची गाडी वजनाला साधारण तेवढीच होणार होती. आणि तिच्यात घालायचं इंजिन सीसीनेही जवळजवळ पाचपट आणि ताकदीनेही! चॅपमनच्या लोटस सेव्हनच्या पहिल्या गाड्या तर ११७२ सीसीच्या, ४० अश्वशक्तीच्या. त्याचं सगळं तत्त्वच असं होतं की ताकद वाढवण्यापेक्षा वजन कमी करा. त्याच्या गाडीची नक्कल करायची आणि तिच्यात असला भीम बसवायचा, म्हणजे उपासाच्या दिवशी श्रीखंडपुरीच की!

“पण मावशी, अॅल्युमिनियमचं आहे गं. दिसतं तेवढं जड नाही,” भाचा म्हणाला. तेही खरं निघालं. लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा त्याचं वजन फार जास्त नव्हतं. म्हणून तर तिकडचे हौशी लोक त्याच्यामागे लागतात. १९७३ मध्ये एमजी कंपनीने स्वतःच आपल्या छोट्या गाडीत हेच इंजिन बसवून विकलं होतं. अडचण वजनाची कमी आणि रुंदीची जास्त होती. दोरीने टांगून इंजिन सांगाड्यात उतरवायला गेले, तर ते बसेचना. दोन्ही बाजूंच्या धुराच्या नळ्या कुठे स्टिअरिंगच्या दांड्याला टेकताहेत, कुठे चौकटीला.

असं मोठमोठ्या कंपन्यांचंही झालेलं आहे बरं का. १९६४ मध्ये सनबीम टायगर नावाची गाडी निघाली. लहान गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन. ते इतकं ठासून बसवलेलं, की कारखान्यात रंग दिलेल्या गाडीचा इंजिनामागचा पत्रा एक कामगार घणाने ठोकून आत दाबत असे, तेव्हा कुठे इंजिन सरकायचं! आणि एक स्पार्क प्लग तर असा मागे दडलेला, की त्याच्यासाठी गाडीच्या आतून, पायाशी, एक झाकण ठेवावं लागलं. हे भाच्याने मला सांगितलं, तेव्हा मी इतकी हसले! आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडर असा काही कोंबतात, की तो बदलायला आधी पिठाचा डबा, मग तेलाचा डबा आणि शेवटी स्वतःला बाहेर काढावं लागतं.

तेव्हा या बापलेकांनी सांगाड्याचा पुढचा भाग कापला आणि चार इंच रुंद करून पुन्हा जोडला. तीन महिन्यांचं काम वाया. पण खरा प्रकार पुढेच होता. इंजिन चाकाकडे जो पीळ पाठवतं, तो वाटेतल्या प्रत्येक वस्तूला सोसावा लागतो. आपण दोघीजणी ओली चादर दोन टोकांना धरून पिळतो ना, तसा सांगाडा पिळला जातो. सोळाशेच्या इंजिनाचा गिअरबॉक्स या पिळाला टिकणार नव्हता, तो बदलला. नवा गिअरबॉक्स जाडजूड, म्हणून मधला बोगदा रुंद केला. बोगदा रुंद झाला, तशी पाय ठेवायची जागा अरुंद झाली. एस्कॉर्टचा मागचा आस तुटेल म्हणून दुसऱ्या गाडीचा मजबूत डिफरन्शियल आला. रेडिएटर मोठा हवा, म्हणून नाकही मोठं. लहान शेगडीवर मोठं पातेलं चढवलं की कसं, आधी शेगडी कलते, मग ओटा, आणि मग ओट्याखालची फरशी. चारशे पौंडांच्या इंजिनामागे पुढे आणखी साडेतीन हजार पौंड गेले. ताईने स्वयंपाकघर नवं करायला साठवले होते, ते.

एका रात्री मला जिन्यावरून त्यांचं बोलणं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं, पण तिकडची घरं म्हणजे लाकडी खोकीच.

“अहो, ही गाडी थांबणार कशी, ते आधी सांगा मला.”

“ब्रेक आहेत की.”

“ते कुठल्या इंजिनाच्या हिशेबाने घेतले होते?”

भाऊजी गप्प.

“पावसात मागची चाकं जागच्या जागी फिरली तर? तुम्ही पन्नाशीला आलात, तुम्ही सावराल. तो अठरा वर्षांचा आहे.”

दुसऱ्या दिवशी ताईने टेबलावर वही ठेवली. ताईने ‘नाही’ म्हटलं नाही, हे मला तिचं विशेष वाटलं. मी असते तर इंजिन त्याच संध्याकाळी भंगारात परत गेलं असतं. ती म्हणाली, पैसे मी देते, पण माझ्या क्रमाने. आधी ब्रेक, चारही चाकांचे. मग मागचा आस. मग सांगाड्याचं प्रत्येक वेल्डिंग त्यांच्या वर्गातल्या शिक्षकांना दाखवायचं. आणि हे सगळं झाल्याशिवाय इंजिनाला पेट्रोलचा थेंब नाही. भाऊजी कुरकुरले. भाचा मात्र वही घेऊन गेला आणि प्रत्येक ओळीपुढे भागाचं नाव, किंमत आणि मिळण्याचं ठिकाण लिहून घेऊन आला. कॉलेज सोडलेल्या पोराचं ते अक्षर पाहून ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

याच प्रकरणात त्याने मला कोब्राची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतवीराने एसी कंपनीच्या हलक्या इंग्लिश गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं, सव्वाचार लिटरचं इंजिन घातलं आणि ती गाजली. मग १९६५ मध्ये त्यांना सात लिटरचं घालायची हाव सुटली. पण त्याला जुना सांगाडा चालेना. तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची घेतल्या, स्प्रिंगांची सगळी रचना बदलली. म्हणजे बाहेरून गाडी तीच, आतून जवळपास नवी. “आईचं म्हणणं तेच आहे ना?” भाचा म्हणाला. भाऊजींनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

जूनमधल्या एका रविवारी गाडीचं वजन करायचा सोहळा झाला. चार शेजाऱ्यांकडून माणसांची वजनं करायचे चार काटे गोळा केले. एका काट्यावर एवढा भार पेलायचा नाही, म्हणून फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर आणि चाक बरोबर मध्ये. काटा दाखवील त्याच्या दुप्पट धरायचं. चारही चाकांखाली असं केलं आणि पुढे किती भार, मागे किती, ते कळलं. पुढे ५८ टक्के भरला, भाऊजींना पाहिजे होता त्याहून जास्त. गाडीचं नाक जड झालं तर वळणावर ती वळायला मागत नाही. मग बॅटरी मागे नेली आणि इंजिन मागे सरकवता येईल तेवढं सरकवलं. पाय ठेवायची जागा आणखी आखडली. इतकी की आजही गाडी चालवताना भाऊजींना वेगळे, अरुंद बूट घालावे लागतात! माणसं बसल्यावर काय होतं ते बघायला ताईला शेजारच्या सीटवर बसवलं. बसली, पण आकडा मोठ्याने वाचायचा नाही या अटीवर.

सगळ्यात जिव्हारी लागली ती विम्याची गोष्ट. मी तिथे असतानाच भाऊजींनी चौकशी केली. दोन विमा कंपन्यांनी फोनवरच सांगून टाकलं की घरी बांधलेली, आठ सिलिंडरची गाडी पंचवीस वर्षांखालच्या चालकाला नाही. पोराला वर काढायला म्हणून बापाने गाडी बांधायला घेतली, आणि आता पोरालाच ती सात वर्षं चालवता येणार नव्हती. भाऊजींचा चेहरा अगदी उतरला. ताई काही बोलली नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, तरी. भाचाच म्हणाला, “बनवायला तर कुणी अडवत नाही ना?” आणि गॉगल लावून पुन्हा ठिणग्या उडवायला लागला.

माझं मत मी तेव्हाही भाऊजींना तोंडावर सांगितलं होतं आणि आजही तेच आहे. अॅल्युमिनियमचं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं नवं इंजिन घातलं असतं, तर गाडी आणखी हलकी झाली असती, वळणावर जास्त चपळ राहिली असती, खर्चही निम्म्यात भागला असता. आजकाल तिकडचे बरेच हौशी लोक तसंच करतात. कुणी तर मोटारसायकलचं इंजिन घालतात. यावर भाऊजी काय म्हणाले असतील? “तू अजून आवाज ऐकला नाहीस.” झालं! याच्यावर काय वाद घालणार?

आवाज मी ऐकला २०२३ मध्ये, दुसऱ्यांदा गेले तेव्हा. दरम्यान भाचा २०१८ मध्ये एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या कामावर उमेदवार म्हणून लागला होता आणि गाडी २०१९ च्या शरदात सरकारी तपासणी पास झाली होती. ही तपासणी मोठी कसून असते. एकेका गाडीला मान्यता देण्याची ही पद्धत तिकडे २००९ पासून आहे. ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं मागच्यांच्या आधी थांबतात का, धूर किती, आवाज किती, पट्टे कुठे अडकवलेत, सगळं बघतात. एक तर फार मजेदार, दहा सेंटिमीटरचा चेंडू गाडीच्या अंगावरून फिरवतात. जिथे जिथे चेंडू टेकेल, तिथली कड बोथट, गोलसर हवी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कापणार नाही. पहिल्या खेपेला ताईच्या वहीतले ब्रेक एका दमात पास झाले आणि गाडी नापास झाली ती आरशाच्या दांडीखालच्या एका उघड्या नटामुळे! दोन आठवड्यांनी नटांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालून नेली आणि पास झाली.

आपल्याकडे हे असलं काही जमायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली होती, ते डिसेंबर २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. कौतुक छान झालं. पण घरी बांधलेली गाडी घेऊन जा, तपासून घ्या आणि रीतसर चालवा, अशी सोपी वाट काही आपल्या हौशी माणसाला नाही.

तर मी बसले त्या गाडीत. बसले म्हणण्यापेक्षा उतरले म्हणायला हवं, कारण सीट जवळजवळ रस्त्याला टेकलेली. पदर खोचून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. भाऊजींनी किल्ली फिरवली आणि काय सांगू, लांबवर डोंगरापलीकडे ढग गडगडावेत, तसा आवाज थेट पाठीतून आला. पायांना भट्टीजवळ बसल्यासारखी ऊब. नुकताच पाऊस पडून गेला होता, म्हणून भाऊजी ती गाडी अशी चालवत होते, की जशी मांडीवर दुधाचं पातेलं आहे. फक्त एका सरळ, कोरड्या रस्त्यावर त्यांनी पाय जरा दाबला. माझं डोकं मागे आपटलं आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की कडेच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. उतरल्यावर ताईने विचारलं, “कळलं का आता?” मी म्हटलं, “आवाजाचं कळलं. मत तेच आहे.” भाऊजी हसले. घराच्या स्वयंपाकघरातल्या फरशा तेव्हाही जुन्याच होत्या.

२०२४ मध्ये भाच्याला पंचवीस पूर्ण झाली. खटपट करून, बराच मोठा हप्ता भरून त्याच्या नावाने विमा मिळाला. ताईचा मला फोन आला.

“पहिल्यांदा त्याच्या शेजारी कोण बसलं?” मी विचारलं.

“कोण बसणार? मीच. चाळीस मैलांच्या वर नेली नाही त्याने.”

“मग?”

“मग मी उतरले आणि तो एकटा गेला. मी फाटकाशी उभी. तो आवाज गोल चौकापर्यंत ऐकू येतो बघ, मग थांबतो. तुझे भाऊजी आत चहा करतो म्हणून गेले, ते खिडकीतून बघत होते. अर्ध्या तासाने आवाज परत आला. आला, उतरला, म्हणाला, डाव्या बाजूने तेल गळतंय. झालं, दोघं पुन्हा गाडीखाली. चहा आपला टेबलावर गार!”